घड्याळवाल्यांचा श्वास

"हात मागे घ्या! त्यांना श्वास घ्यायला जागा द्या!"

गुरुजी असं म्हणाल्याबरोबर घड्याळवाल्यांच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली माणसं एकमेकांच्या मांडीवर चढत मागे सरकली. समोर लाकडी कपाटावर काचेची लांबलचक टाकी होती. टाकीत पाणवनस्पतींचं हिरवंगार रान, आणि त्या रानातून, नेमके कुठून ते कळू न देता, बारीक बारीक बुडबुडे वर चढत होते. गुरुजींनी टाकीतलं पाणी खेळवणाऱ्या पंपाची उपटलेली वायर सगळ्यांना फिरवून दाखवली.

"बघा! वीज नाही, पंप नाही, मोटर नाही. मग हा श्वास कोणाचा?"

"घड्याळवाल्यांचा!" सगळी खोली एका सुरात म्हणाली.

"अगंबाई, माणूस गेला तरी घर सुटत नाही हो," माझ्या शेजारी बसलेल्या शिवणवाल्या मावशींनी डोळे पुसले.

"गेलेला माणूस श्वास कशाला घेईल, मावशी? आणि घ्यायचाच तर पाण्यात?"

"बाई, तुम्ही जरा गप्प बसा. तुम्हाला मेलं प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं."

खुसपट काढणं हा माझा पेशाच होता. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त झाले आणि याच इमारतीत घड्याळवाल्यांच्या खालच्या मजल्यावर एकटी राहते. सगळे मला अजून 'बाई'च म्हणतात. मी वर गेले होते ती घड्याळवाल्यांच्या बायकोला, वहिनींना भेटायला, आणि बघते तर त्यांच्या घराची जत्रा झालेली.

"मासे बघा, मासे!" गुरुजी कुजबुजले. "सगळे वर येऊन तोंड उघडताहेत. जप चाललाय त्यांचा."

मासे खरंच पृष्ठभागाशी येऊन तोंडं मिटत-उघडत होते. पाण्यात जीव घुसमटला की मासा असाच वर येतो. पण हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तीन बाजूंनी "श्शू" झालं.

हे गुरुजी म्हणजे कोण, तर पूर्वी मासे आणि पाण्यातली झाडं विकणारा माणूस. घड्याळवाल्यांची त्याच्या दुकानात जुनी ये-जा होती. दुकान बसलं, तेव्हा या गृहस्थानं गळ्यात पांढरा मफलर घातला आणि 'जलसाधना' सुरू केली. इतकी वर्षं पाण्याशेजारी काढली म्हणून त्याला सिद्धी मिळाली म्हणे. मग बेडकांनी काय घोडं मारलंय?

घड्याळवाले माणूस मोठा गुणी, पण अबोल. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन टाकीसमोर बसायचे. वहिनी जवळच्या खुर्चीत विणत असायच्या. दोघांचा संसार असा, एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी बसून झाला. टाकीखालच्या कपाटाला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही. "माझी खटपट आहे," एवढंच म्हणायचे. थंडीच्या सुरुवातीला ते अचानक गेले. लेक दूरदेशी, ती आली, आठवडाभर राहिली आणि परत गेली. मागं उरल्या वहिनी, ती टाकी आणि दोन खुर्च्या. काही दिवसांनी टाकीतले बुडबुडे बंद पडले. तेव्हा वहिनी फार रडल्या होत्या, घड्याळवाले गेले त्या दिवशीही इतक्या रडल्या नव्हत्या.

नेमका त्याच सुमाराला हा माणूस समाचाराला आला. "मला त्यांच्यापाशी एकट्याला बसू द्या," म्हणाला, आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा खोलीभर अत्तराचा घमघमाट होता आणि टाकीखालच्या कपाटाला नवं कुलूप होतं. "उद्या संध्याकाळी श्वास परत येईल. कपाट मात्र उघडायचं नाही, उघडलंत तर ते कायमचे जातील." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुडबुडे सुरू झाले. मग काय विचारता!

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. अंगावरचं कापड सैल झालेलं, चेहरा ओढलेला.

"जेवलात का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "मौन आहे माझं. आणि एकवेळ जेवण. गुरुजींनी सांगितलंय."

"कशासाठी?"

वहिनींनी दार लोटून घेतलं. मग बांध फुटल्यासारखं बोलू लागल्या. "बाई, लोक जमले की ते कसे भराभर श्वास घेतात, पाहिलंत ना? आणि सगळे गेले, मी एकटी उरले की श्वास मंदावतो. सकाळी मी जवळ जाऊन बसते तेव्हा तर अगदीच. एक बुडबुडा येतो, मग वाट बघायची, मग दुसरा. त्यांना मी नकोय. जिवंतपणी बोलले नाहीत कधी, पण मनात राग होता. गुरुजीपण तेच म्हणाले. माझ्या सावलीनं त्यांचा जीव गुदमरतो म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं म्हणाला तो?"

"रविवारी मी घर सोडतेय. किल्ली गुरुजींकडे देणार. ते इथे केंद्र काढतील, रोज लोक येतील, त्यांना बरं वाटेल. मी गुरुजींच्या एका भक्तांकडे राहीन, गावाबाहेर. लेकीला नका सांगू."

नवरा गेल्यावर बाई एकटी पडते हे मी खूप पाहिलं होतं. पण गेलेला नवराही आपल्याला टाळतो असं वाटून घेऊन कोणी त्याच्या टाकीपुढून चोरासारखं उठून जावं, हे पहिल्यांदाच पाहत होते. आणि हे दुःख त्या भामट्यानं तिच्या हातात आयतं दिलेलं होतं.

"कपाट उघडूया," मी म्हणाले.

"नाही! बाई, पाया पडते तुमच्या. एकदा गेले ते, आता माझ्या हातून दुसऱ्यांदा नकोत जायला."

यापुढे हट्ट करण्यात अर्थ नव्हता. मी घरी आले, पण डोक्यातून ते बुडबुडे जाईनात. गर्दीत भराभर, एकांतात सावकाश. गर्दी म्हणजे काय? बंद खिडक्या, इतक्या अंगांची ऊब, आणि चित्रीकरणासाठी म्हणून गुरुजींनी कपाटाला अगदी खेटून ठेवलेले दोन भलेमोठे दिवे. आणि सकाळ म्हणजे? थंडगार खोली. शिवाय त्या अत्तरातून मला दुसराच वास येत होता, आंबट, फुगलेल्या पिठासारखा. हा वास मी ओळखते. पाव घरी करायची खोड आहे मला.

शनिवारी सकाळी मी गरम पाण्याची रबरी पिशवी पदराखाली घेऊन वर गेले. टाकीत वहिनींनी सांगितला तसाच एकेक बुडबुडा रडतखडत येत होता.

"वहिनी, कपाट उघडत नाही. शब्द दिला. पण एक करू द्या."

कपाटाला मागच्या बाजूनं फळी नव्हती. भिंत आणि कपाट यांच्या फटीतून मी हात घातला. बोटांना गुळगुळीत प्लास्टिक लागलं, पोटफुगीर आणि गार. त्याला टेकवून पिशवी ठेवली आणि हात काढला.

"आता चला स्वयंपाकघरात. चहा करा. खोलीत कोणीच थांबायचं नाही, दार लावून घ्या."

आम्ही चहा घेतला. वहिनींनी बऱ्याच दिवसांनी घोट घोट प्यायला असावा. मी उगाच इमारतीतल्या चुगल्या सांगत बसले, वेळ जावा म्हणून. मग म्हटलं, "उघडा आता दार."

खोली तशीच थंड आणि रिकामी होती. पण टाकीत बुडबुड्यांची नुसती रांग लागली होती, एकामागून एक.

वहिनी उंबऱ्यातच थांबल्या. "इथे तर कोणीच नव्हतं."

"कोणीच नव्हतं. रबरी पिशवी होती."

"म्हणजे..."

"म्हणजे त्याला माणसं लागत नाहीत, ऊब लागते. तुम्ही एकट्या असता तेव्हा खोली गार असते, एवढंच. यात तुमचा काडीचाही दोष नाही."

वहिनी खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. घड्याळवाल्यांच्या हत्यारांच्या पेटीकडे मात्र बघत राहिल्या.

रविवारी खोली आणखी भरली. टपालातले काका सहकुटुंब आले, मावशींनी बहीणही आणली. मी मात्र आधीच येऊन त्याच फटीतून बर्फाची पिशवी त्या प्लास्टिकला बिलगवून ठेवली होती आणि गुरुजींचे दिवे 'बसायला जागा हवी' म्हणून पलीकडच्या कोपऱ्यात सारले होते.

गुरुजींनी हात वर केले. "हे जलनिवासी आत्म्या! तुझ्या शरीराच्या कणाकणाचं कंपन आम्हाला मिळू दे! तुझी ऊर्जा आमच्या ऊर्जेत..." ऊर्जा ऊर्जेत जाईना. टाकीत एक बुडबुडा आला, मग पुष्कळ वेळानं दुसरा. लोक चुळबुळ करू लागले.

"वहिनींची सावली पडली!" गुरुजी गरजले. "त्यांना आधी बाहेर न्या!"

"मी आत्ता येतेय स्वयंपाकघरातून," वहिनी दारातून म्हणाल्या. सगळे चमकले, कारण त्यांचा आवाज बरेच दिवस त्यांच्यापैकी कोणी ऐकला नव्हता. "बुडबुडे तर मघाचपासून मंद आहेत. तेव्हा मी नव्हते."

त्या पुढं आल्या. हातात घड्याळवाल्यांचा बारीक पेचकस होता. गुरुजींनी कुलूप भक्कम लावलं होतं, पण बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला होते. घड्याळवाल्याच्या बायकोपुढे असं कुलूप लावू नये.

"ताई, थांबा! कायमचे जातील ते!"

"ते गेलेत," वहिनी म्हणाल्या आणि स्क्रू फिरवू लागल्या.

कपाटाचं दार बाजूला झालं. आत सरबताची मोठी प्लास्टिकची बाटली, निम्मी भरलेली, वर फेस, आणि बुचातून निघालेली बारीक नळी मागून वर टाकीत, थेट झाडांच्या मुळाशी गेलेली. आंबट वास खोलीभर पसरला.

"साखर, पाणी आणि पावाचं यीस्ट," मी सांगितलं. "यीस्ट जिवंत असतं, ते साखर खातं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. पाण्यातल्या झाडांना तो हवा असतो, म्हणून घड्याळवाले हे करत होते. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ऊब मिळाली की यीस्ट जोरात खातं, गारठलं की मंदावतं. साखर संपली की थांबतं. ते गेल्यावर बाटली भरायला कोणी नव्हतं म्हणून बुडबुडे थांबले. यांनी दार लावून ती पुन्हा भरली. आणि 'उद्या संध्याकाळी' का? कारण यीस्टला कामाला लागायला तेवढा वेळ लागतो!"

मी बर्फ काढून तिथं बरोबर आणलेली गरम पाण्याची पिशवी टेकवली. "बघा आता. गुरुजींनी हात खाली ठेवले तरी चालेल."

सगळे टाकीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं बुडबुडे वाढले, आणखी वाढले.

"बाई, मग त्या पाण्याचं काय होतं, बाटलीतल्या?" टपालातल्या काकांनी विचारलं.

"थोडीशी दारू."

"दारू!" मावशी किंचाळल्या. "म्हणजे आम्ही इतके दिवस दारूच्या बाटलीपुढं हात जोडले?" मागून कोणी तरी हसलं, मग हसू खोलीभर पसरलं.

"आणि मासे जप करत नाहीत," मी पुढं म्हणाले. "गर्दीला दिसावं म्हणून यांनी मिश्रण इतकं तीव्र केलंय की त्यांचा जीव गुदमरतोय. पंपाची वायर आधी लावा कोणीतरी."

"ही श्रद्धेची विटंबना आहे," गुरुजी मफलर सावरत म्हणाले. "तुमच्या पुस्तकांना सगळं कळतं का?"

"नाही. पण या बाटलीत काय आहे, हे तुम्हाला कळत होतं. आणि तुम्ही या बाईला सांगितलंत की तिच्या सावलीनं नवऱ्याचा जीव गुदमरतो."

मफलर आणि दिवे घेऊन गुरुजी जिन्यानं खाली गेले ते पुन्हा दिसले नाहीत. बाकीचेही एकेक करून उठले. थोड्या वेळापूर्वी गजबजलेलं घर बघता बघता रिकामं झालं. पंपाच्या घुरघुरीशिवाय काही ऐकू येईना.

वहिनी टाकीसमोर बसल्या.

"म्हणजे ते रागावले नव्हते माझ्यावर?"

"नाही."

"आणि इथे नव्हतेही."

खोटं बोलले असते तर त्या क्षणी त्यांना बरं वाटलं असतं. "नव्हते, वहिनी," मी म्हणाले.

तेव्हा त्या रडल्या, मोठ्यानं, मन भरून. मी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. मला कोणाला जवळ घ्यायची सवय नाही, म्हणून नुसता हात धरला. रडता रडता मध्येच त्यांना हसू फुटलं. "म्हणून साखर संपायची! मी म्हणायचे, हा माणूस चहात साखर घालतो की साखरेत चहा!"

मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "बाई, किती साखर घालायची? झाडं मरायला नकोत. पण माशांनाही त्रास नको." मी प्रमाण सांगितलं. त्यांनी डबा काढला, बाटली धुतली आणि संध्याकाळी दोन घास नीट जेवल्या. घराची किल्ली त्यांच्याच कमरेला राहिली.

तुमच्याही इमारतीत उद्या कोणी गेलेल्या माणसाचा श्वास, हाक, निरोप घेऊन येईल. हात जोडण्याआधी एवढंच विचारा की कपाटात काय आहे, ते कोणी भरलं, आणि ते आपल्याला उघडू का देत नाहीत. खरी गोष्ट उघडून पाहिल्यानं बिघडत नाही. आणि दुःखात बुडालेल्या माणसाला चमत्कार देऊ नका, त्याच्याजवळ जाऊन बसा. मी आता रोज संध्याकाळी वर जाते. पहाटे मात्र वहिनी एकट्याच असतात. थंडीत बुडबुडे अगदी मंदावतात, आणि तेव्हा त्या स्वतःला दोष देत नाहीत. उठून खिडकी लावून घेतात.