जिन्यावरून पडली

"हलू नकोस गं," वैभवी म्हणाली आणि नणंदेच्या डाव्या डोळ्याखाली कन्सीलरचा आणखी एक थर तिने बोटाने थोपटला. जांभळा रंग दबला, पण कडेचा हिरवट-पिवळा काही केल्या लपेना.

खाली फुगे लागले होते. वैभवीच्या लेकीचा, दियाचा, पाचवा वाढदिवस! इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात थोड्याच वेळात मराठी मंडळाची निम्मी माणसं येणार होती, आणि घराला चिंता होती ती ऋजुताच्या डोळ्याची.

ऋजुता खेळाडू होती. हौशी नव्हे, पगारी. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्यात फारसा कुणाला ठाऊक नसलेला खेळ. लांबट चेंडू पायाने मारायचा, मुठीने ठोसायचा, उंच उडी घेऊन झेलायचा. आणि ज्याच्या हाती चेंडू, त्याला बाकीच्यांनी खाली लोळवायचं. लंडनच्या एका पार्कात खेळता खेळता तिला मेलबर्नच्या क्लबने बोलावलं, त्याला तीन सीझन झाले. मंडळात मात्र सासूबाई एवढंच सांगत, "आमची ऋजुता तिकडे फिजिओ आहे." गेल्या आठवड्यात, शेवटच्या मॅचमध्ये, चेंडू झेलताना कुणाचं तरी कोपर तिच्या डोळ्यावर बसलं होतं.

"वहिनी, हे स्टुपिड आहे," ऋजुता आरशात बघत म्हणाली. ती इथेच वाढलेली. तिचं मराठी असं ठेचकाळतच चालायचं. "नवीन कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचा आहे. मी साइन करणार. पण घरी येऊन लपायचं असेल, तर मी नाही येणार परत. रिअली. आय अ‍ॅम डन."

"असं काय बोलतेस! आजचा दिवस निभावून ने."

वैभवीच्या पोटात वेगळीच भीती होती. आत्या आल्यापासून दिया सोफ्यावरून "टॅकल! टॅकल!" करत तिच्या अंगावर झेपावत होती. पोरीचे दात, पोरीचे गुडघे, सगळं वैभवीला आत्ताच मोडलेलं दिसत होतं. म्हणून सासूबाई म्हणाल्या, "कुणी विचारलंच तर जिन्यावरून पडली म्हणायचं," तेव्हा तिने मान डोलावली. इतकंच काय, दियालाही समोर बसवून ते पढवलं.

पाहुणे आले. औक्षण झालं, केक कापला. नीनाकाकूंनी ऋजुताकडे पाहिलं, पटकन नजर वळवली आणि पावभाजीची तारीफ सुरू केली. आणखी दोघींनी तेच केलं. वैभवीला हायसं वाटलं.

मग आल्या डॉ. वैजयंती, सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या अपघात विभागात काढून निवृत्त झालेल्या. त्या थेट ऋजुतासमोर उभ्या राहिल्या.

"डोळ्याला काय झालं गं?"

"जिन्यावरून पडली!" सासूबाई लांबूनच म्हणाल्या.

"आत्या स्टेअर्सवरून पडली," दियानेही री ओढली.

वैजयंतीबाईंचा चेहरा बदलला. हातातली प्लेट खाली ठेवून त्यांनी ऋजुताला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. गॅसपाशी भाजी वाढणारी वैभवी तिथेच होती.

"आता खरं सांग," त्या हळूच म्हणाल्या. "कोण मारतं तुला? घाबरू नकोस. हवं तर आत्ता माझ्या घरी चल."

ऋजुताला हसू आलं; मग त्यांच्याकडे बघून ते विरलं. "मावशी, नो! मी फुटी, ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते. मॅचमध्ये एल्बो लागला."

"मग हा जिना कुठून आला?"

"मी सांगितलं तसं म्हणायला," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"सुमन!" वैजयंतीबाई गर्रकन वळल्या. "जन्मभर मी हे वाक्य ऐकलंय. गाल सुजलेल्या, जबडा मोडलेल्या बायका. शेजारी नवरा उभा, आणि बाई म्हणते, जिन्यावरून पडले. मराठीतही ऐकलंय! आणि तू आपल्या धडधाकट मुलीच्या तोंडी तेच घालतेस?"

"अगं, पण लोक काय म्हणतील? मुलीच्या जातीने असला धसमुसळा खेळ..."

"लोक? बाहेर सगळ्यांनी तो डोळा पाहिलाय. तो काय भिंतीवरचा डाग आहे, रंग फासला की गेला? मला जे वाटलं तेच त्यांनाही वाटलं असणार. विचारलं एकीने तरी? केक खातायत! मार खाल्लेल्या बाईचा डोळा चालतो तुम्हाला, खेळलेल्या बाईचा चालत नाही!"

तेवढ्यात फुगा घेऊन दिया आत डोकावली.

"आई, मी बरोबर सांगितलं ना? स्टेअर्सवरून?"

वैभवीच्या हातातला डाव थांबला. तिच्या अंगाची लाही लाही झाली, आणि राग इतर कुणाचा नव्हता, स्वतःचाच होता. उद्या या पोरीवर कुणी हात उचलला, तर सांगायचं वाक्य तिच्या तोंडात आजच तयार होतं. आणि ते तिथे ठेवलं कुणी? आईनेच!

तिने किचन रोलचा कागद ओला केला आणि ऋजुताचा गाल पुसायला घेतला.

"वहिनी, हळू! खरंच दुखतं ते."

"दुखू दे. नाही, म्हणजे... सॉरी गं." तिने हात हलका केला.

डोळा पुसून निघाला, हिरवा-पिवळा-जांभळा, पुरता उघडा. वैभवी तिचा हात धरून बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऋजुता जिन्यावरून पडलेली नाही. दिया, मी तुला खोटं शिकवलं. आत्या फुटबॉल खेळते, तेच तिचं काम आहे, आणि तिथे तिला लागलंय."

नीनाकाकूंनी घसा खाकरला. "बाई गं! केवढं लागलं असेल!"

"लागणारच." आवाज सासूबाईंचा होता. "ती आडदांड पोरगी बाजूने आली. हिचे दोन्ही हात चेंडूवर, तोंड वाचवायला हात कुठला? पण चेंडू काही सोडला नाही हिने."

ऋजुता बघतच राहिली. "आई, तू मॅच बघितली?"

"सगळ्या बघते," सासूबाई पुटपुटल्या. "आवाज बंद करून." मग वैजयंतीबाईंची नजर टाळत त्यांनी पदराने डोळे टिपले. "चुकलं माझं. लाज तुझी नव्हती गं, लोक काय म्हणतील ही भीती माझी होती."

पाहुणे गेल्यावर फुगे काढता काढता ऋजुता म्हणाली, "दियाचा सिक्स्थ बर्थडेला मी येते हं, वहिनी. कन्सीलर फेकून दे."

"मी पण खेळू, आत्या?" दियाने विचारलं. दोघींनी वैभवीकडे पाहिलं. तिच्या पोटातली भीती काही कुठे गेली नव्हती.

"आधी दातांना माउथगार्ड घेऊ," ती म्हणाली.

आयांनो, बापांनो, मुलीच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर आधी तिला विचारा, ते कुठून आलं. खेळून आलं असेल तर ताठ मानेने सांगा. कुणी दिलं असेल तर गल्ली गोळा होईल इतकं ओरडा. पण झाकू नका! आज अब्रूपायी तिला जे खोटं पढवाल, तेच उद्या तिला मारणाऱ्याच्या कामी येईल.