देवाच्या हातची शेंवती

गुरुवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटणच्या बाजूनं गाड्या भरभरून माणसं आली होती. १९४४ सालच्या त्या उन्हाळ्यात अंतर्ज्ञानीबुवा नावाचे महाराज गावात उतरले होते, आणि माणसाच्या मनात विचार यायच्या आधीच तो त्यांना म्हणे ठाऊक असायचा.

"इचार तुमचा न्हवंच," बुवा समजावत होते. "मन म्हंजी पोष्टाची पेटी. पत्र टाकनारा वर बसलाय. पेटीनं उगं मिजास करू ने."

लोकांनी माना डोलावल्या. पेटी होण्यात मोठी सोय असते, कशाचाच जाब द्यावा लागत नाही.

बुवांसमोर पाटावर साळूबाई बसली होती. नवरा लढाईत मारला गेल्यापासून ती भावाकडे राहत होती. मिरजेला दवाखान्यात नर्सचं काम शिकायला ये, असं बोलावणं तिला आलं होतं. जावं की राहावं, याचा निकाल देवाकडून घ्यायला थोरला भाऊ तात्याबा तिला घेऊन आला होता. तात्याबावर तिचा देवापेक्षा अंमळ जास्तच विश्वास. चुलीपुढं राख पसरून, बोट धरून, त्यानंच तिला अक्षरं शिकवली होती.

"मोगरा, झेंडू, जास्वंद, गुलाब, शेवंती," बुवा म्हणाले. "येक मनात धर आन् बोल."

"शेवंती."

"पाट उचल."

पाटाखाली चिठ्ठी निघाली. तिच्यावर पेन्सिलीनं शेवंतीच लिहिली होती. बायकांनी जागच्या जागी हात जोडले.

"शेवंती त्यानं घातली तुज्या मनात," बुवा म्हणाले. "मिरजंचा इचार त्याचा न्हाई. घरीच ऱ्हा."

"ऱ्हाते," साळूबाई म्हणाली, आणि चिठ्ठी पदरात बांधून घरी आली.

सकाळी देवापुढं ठेवावी म्हणून तिनं ती उलगडली. शेंवती. टिंब 'व'वर हवं, ते 'शे'वर बसलं होतं. तात्याबा जन्मभर असंच लिहीत आला होता. तीही असंच लिहायची, गावच्या शाळेतल्या गंगाधर मास्तरांनी हसून दुरुस्त करीपर्यंत. आता देवानंही नेमकी हीच चूक करावी, हे काही तिच्या गळी उतरेना. ती तडक मास्तरांकडे गेली. देव मानत नाहीत म्हणून गाव त्यांना ओवाळून टाकलेला म्हणायचं.

मास्तरांनी चिठ्ठी पाहिली आणि एवढंच विचारलं, "मागं आपल्या गावातल्या अर्जुनानं बुवांपुढं मनात मोगरा धरला होता. त्याची चिठ्ठी कुठं निघाली?"

"नारळाखाली."

"मग तुझी पाटाखाली कशी?"

पुढच्या गुरुवारी बुवांनी तीच पाच फुलं म्हटली आणि धोंडुबाईला एक मनात धरायला सांगितलं. ती तोंड उघडायच्या आत साळूबाई उठली आणि बुवांभोवतीची एकेक वस्तू उचलून बघू लागली. नारळाखाली मोगरा निघाला. समईखाली झेंडू, तसबिरीमागं गुलाब, घोंगडीच्या घडीत जास्वंद. पाटाखाली पुन्हा शेंवती होतीच.

"देवाची परीक्षा बगती व्हय गं?" बुवा ओरडले.

"देवाची नाही, तुमची," मास्तर म्हणाले. "तिच्या मनातलं आधीच ठाऊक असतं तर एक चिठ्ठी पुरली असती. ठाऊक नव्हतं, म्हणून पाच लागल्या. फूल तिनं निवडलं. तुम्ही फक्त ती बोलल्यावर त्या फुलाची जागा दाखवली."

साळूबाईचं बुवांकडे लक्षच नव्हतं. बुवांना सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा करायचे. पाचही चिठ्ठ्या तिनं तात्याबापुढं धरल्या.

"ह्ये तुजं अक्षर हाय, दादा."

तात्याबानं मान खाली घातली. "तुजी वैनी अंथरुनाला खिळलीया. तू गेलीस तर पोरास्नी कोन बगंल?"

"त्ये मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली. "मी ऱ्हायलेबी असते."

तिला रडू आलं, पण ते नवरा गेला तेव्हाच्यासारखं नव्हतं. नवऱ्यानं फसवलं नव्हतं.

बुवा त्याच दुपारी नाहीसे झाले. साळूबाई आठवड्यानं मिरजेला गेली. जाताना दादाच्या पाया पडली नाही, आणि याचं दुःख तिला पुढं वर्षानुवर्षं पुरलं.

म्हणून सांगणं एवढंच. तुमच्या मनातला विचार तुमचा नाही, असं कुणी देवाच्या नावानं सांगू लागला, तर हातातल्या चिठ्ठीवर थांबू नका. उठा आणि बाकीच्या चारही शोधा. अक्षर ओळखीचं निघालं तरीही वाचा.