झाकणावरचं जहाज

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी चार माणसं जमायची आणि जगातल्या मोठ्या वस्तू लहान करत बसायची. चौघंही साठीच्या आसपासची. चष्मेवाला विमानं करायचा, निवृत्त नर्सबाई वीतभर खोल्या सजवायच्या, बेकरीवाला रणगाड्यांना चिखल फासण्यात पटाईत होता, आणि चौथा मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे आपलं कधी काही चुकत नाही, असा त्याचा पक्का समज होता. तो फक्त इमारती करायचा, आणि त्याही एकास बहात्तर याच प्रमाणात. दुसऱ्या प्रमाणाचं नाव काढलेलं त्याला खपत नसे.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी एक रीत पाळली जायची. पुढच्या वर्षी कोण काय करणार, ते एका रिकाम्या खोक्याच्या झाकणाला आतून लिहायचं. ज्याचं त्याने, आपल्या हाताने, खाली सही. मग झाकण कपाटावर जायचं, ते थेट वर्षाने उतरायचं. कुणी शब्द फिरवू नये, एवढाच हेतू. तरी बहुतेक जण फिरवायचेच. चष्मेवाल्याचं चार इंजिनांचं विमान तीन झाकणांवर चढलं होतं आणि अजून त्याला एकही पंख नव्हता.

यंदा मोजणीदार ऐटीत आला. त्याने खोक्यातून दीपगृह काढून टेबलावर ठेवलं. आतल्या जिन्याला एकशे अठरा पायऱ्या होत्या, एकेक कापून बसवलेली.

"बोललो ते केलं," तो म्हणाला. "वाचा आता झाकण."

चष्मेवाल्याने झाकणावरची धूळ फुंकली. स्वतःच्या विमानाची ओळ त्याने घाईघाईने उरकली आणि पुढच्या ओळीशी अडखळला. "तुमचं तर इथे जहाज आहे."

"काहीतरीच काय."

"बघा की. 'जहाज. एकास शहाण्णव. दोघांनी पुरं करायचं.' खाली सही. आणि दोघांनी म्हणजे कुणी हो? आम्हाला न सांगता जोडीदार गाठलात?"

मोजणीदाराने झाकण हातात घेतलं. अक्षर त्याचंच होतं. वेलांटीला तोच नको तेवढा फराटा, सहीत तेच आडनाव, खाली तीच तिरकी रेघ. त्याने झाकण उजेडात धरलं, लांब धरलं, चष्मा काढून पाहिलं. जहाज काही हललं नाही.

जहाज कुठलं, ते त्याला नीट ठाऊक होतं. ते थोरल्या भावाचं, दादाचं. अर्ध्या फळ्या बसवलेला तो सांगाडा घरी कपाटाच्या माथ्यावर पडून होता. चिमटा हातात धरून हा कशासाठी असतो, असं दादा विचारू लागला, तेव्हा मोजणीदारानेच तो वर ठेवून दिला होता. पण ते पुरं करायचं आपण कधी लिहिलं? आणि एकास शहाण्णव?

"मी दीपगृह म्हणालो होतो," तो म्हणाला. "तुम्ही होता ना इथे."

"मी पुढे गिऱ्हाइकापाशी होतो," चष्मेवाला म्हणाला. "दीपगृहच म्हणाला असाल. का पूल म्हणाला होता?"

"पूल कुठून आला आता?"

"मग दीपगृहच असेल. पण लिहिलंत जहाज."

नर्सबाई गेल्या वर्षी लेकीकडे होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या मघापासून मोजणीदाराकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "आज तारीख किती हो?"

या सहजपणाचा अर्थ मोजणीदाराला कळला. दादाला डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. त्याने तारीख सांगितली, बरोबर सांगितली, पण सांगण्याआधी क्षणभर अडला. दादाचंही असंच सुरू झालं होतं. आधी तारखा गेल्या, मग रस्ते, मग माणसं. आणि प्रत्येक वेळी दादाही असाच ठासून सांगायचा, मी असं बोललोच नाही. मोजणीदार खुर्चीत बसला. गेल्या वर्षीचा तो रविवार त्याने आठवून पाहिला. दीपगृह म्हटल्याचं आठवत होतं. पेन हातात घेतल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

तेवढ्यात बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ घेऊन आला. उशिराबद्दल भट्टीला दोन शिव्या हासडून त्याने झाकणात डोकावलं.

"हे होय. हे दादांनी लिहिलंय," तो म्हणाला. "तुम्ही त्यांना घेऊन आला होता ना? त्यांचा गुडघा दुखतो म्हणून तुम्ही गाडी दाराशी आणायला गेलात. जाताना म्हणालात, माझं दीपगृह लिहून घ्या. दादांनी माझ्याकडे पेन मागितलं, म्हणाले मी लिहितो. म्हटलं, तुमचं घरी ठरलं असेल."

मोजणीदाराचा जीव भांड्यात पडला. अक्षर सारखं असणारच. लहानपणी दादानेच त्याचा हात धरून गिरवून घेतलं होतं. आपलं डोकं शाबूत आहे, या आनंदात तो हसलासुद्धा. मग हसू आपोआप थांबलं.

दादाला आता काही कळत नाही, असं तो गेलं वर्षभर सगळ्यांना सांगत होता. आणि त्या दादाने प्रमाणासकट बरोबर लिहिलं होतं. जिथे लिहिलेला शब्द पाळायचा असतो, तिथेच लिहिलं होतं. आणि आपण घरी त्याच्या शेजारच्याच खोलीत दार लावून पायऱ्या कापत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली.

नव्या झाकणावर काही न लिहिताच तो घरी आला. स्टूल घेऊन त्याने कपाटावरून खोकं काढलं आणि दादाच्या पुढ्यात ठेवलं. दादा खिडकीपाशी बसला होता. त्याने खोक्यावर पंजा ठेवला.

"उघडू नका साहेब," दादा म्हणाला. "बारक्याला येऊ दे. दोघांनी करायचं ठरलंय."

बारक्या म्हणजे मोजणीदारच. मी आहे, हा बघ मी, असं हल्ली तो दहादा सांगायचा, आणि दादा साहेबांचे आभार मानायचा. आता काय करावं ते त्याला सुचेना. शेवटी तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि चक्रावून त्याच्याकडे बघत राहिली. तिला बाजूला सारून तो आत आला आणि मोठ्याने म्हणाला, "दादा, मी बारक्या. आलो."

दादाने मान वर केली. बराच वेळ त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"किती उशीर केलास रे," तो म्हणाला, आणि खोक्यावरचा हात काढला.