काठावरचा हत्ती

मित्रांनो, मी एक जुनी, नाणी ढकलायची मशीन आहे. वेल्समधल्या रिल गावात, समुद्राकाठच्या खेळघरात मी कित्येक उन्हाळे काढले. आणि छातीठोकपणे सांगते, माझ्यामुळे कधी कोणाचं वाटोळं झालं नाही. निदान गेथिनचं शाळेतलं भाषण होईपर्यंत माझी तशी समजूत होती.

माझं काम सोपं. वरच्या फटीतून दोन पेन्सचं नाणं टाकायचं. माझी फळी पुढे-मागे सरकते, नाणी एकमेकांना ढकलतात, आणि काठावरून जी पडतील ती तुमची. सगळी आत्ता पडतील असं वाटतं, पण पडत नाहीत. बरीचशी बाजूच्या फटींतून गुपचूप माझ्याच पोटात जातात. मालकाने काठावर एक निळा प्लास्टिकचा हत्ती बसवला होता. तो कायम अर्धा हवेत.

गेथिन लहानपणी आजीचं बोट धरून यायचा. आजी ग्लेनिस बाकावर बसून चिप्स खायची.

"चल रे, बस जाईल आपली."

"एकच, आजी. हत्ती पडतोय बघ."

"मेला गेल्या वर्षीपण पडतच होता."

पण नाण्यांचा डबा भरून द्यायचीही तीच. शेजारणीला म्हणायची, "चिल्लरच तर आहे. खेळू दे पोराला."

गेथिन मोठा झाला, हत्ती काही पडला नाही. मग तो घोड्यांवर पैसे लावायला लागला, मग मोबाइलवर. गाडी गेली, घर गेलं, बायको मुलीला घेऊन वेगळी राहायला लागली. तिने निक्षून सांगितलं, "पुन्हा एकदा जरी खेळलास, तर शनिवारी लोवरीला भेटायला येऊ नकोस."

तेव्हा कुठे त्याने सोडलं. जुगार सोडलेल्यांच्या मंडळात गेला. मंडळाने त्याला पोरांना शहाणं करायला शाळेत पाठवलं. मी अडगळीत धूळ खात पडले होते. नमुना म्हणून त्याने मला मागून नेलं.

पहिलीच शाळा लोवरीची. शिपाई पुहकाकांनी मला स्टेजवर ठेवलं आणि प्लग लावला. स्टेजला पुढे उतार होता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"ही मशीन तुम्हाला कधीच जिंकू देत नाही," गेथिन म्हणाला. "बघा."

त्याने नाणं टाकलं. मी ढीगभर नाणी ओकले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"असं सहसा होत नाही," म्हणत त्याने दुसरं टाकलं. पुन्हा ढीग.

"काका, आम्हाला पण द्या ना," मागून एक जण म्हणाला. निम्मी शाळा रांगेत उभी राहिली.

मग काठावरचं सगळं पडून संपलं आणि मी नेहमीसारखी वागायला लागले. नाणी पोटात जायला लागली. हत्ती तेवढा लोंबकळत राहिला.

"बाबा, आता हरतोयस ना? मग झालं की," लोवरी म्हणाली.

"एकच, राणी. हत्ती पडतोय बघ."

पोरं जेवायला गेली. लोवरी स्टेजखाली उभीच.

"बाबा, आईला काय सांगू?"

गेथिनला ऐकू गेलं नसावं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी जाता जाता 'आम्हाला जपा' असं म्हणायचं असतं. मला जपू नका. तेल नको, फडकंही नको. तो भिंतीतला प्लग तेवढा काढा.

कोणी काढला नाही. नाणी संपल्यावर गेथिनने मुख्याध्यापिकाबाईंकडे नोटेची मोड मागितली. चिल्लरच तर होती. बाईंनी दिली.