एल्मीरच्या फळीवरचे लाल तेल

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाणी ओढणारा नव्हे. लुइझियानाच्या खाऱ्या दलदलीत खेकडे धरणाऱ्या एका बोटीच्या मागच्या टोकाला मी बसवलेला होतो. तिथे इंजिन पाण्यात लटकत असते. पाणी उथळ झाले की ते वर उचलावे लागते, नाहीतर पंखा चिखलात रुततो. हे उचलण्याचे काम माझे. बटण दाबले की मी पोटातले तेल जोराने ढकलायचो आणि दोन माणसांना न पेलणारे ते धूड अलगद वर यायचे.

माझ्या पोटात रबराच्या बारीक कड्या आहेत. त्या तेल अडवून धरतात, म्हणून माझ्यात जोर. त्यांना सगळीच तेले मानवत नाहीत. हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होते. तिचे नाव एल्मीर. नवरा क्लोविस सुकाणू धरायचा, ती पिंजरे ओढायची आणि माझ्याकडेही तीच बघायची. इंजिन पूर्ण वर उचलायची, झाकण पुसायची, मगच उघडायची. तेलाचा थेंब बोटांत चोळून बघायची. दुधाळ दिसला तर पाणी शिरले म्हणून सगळे काढून नवे भरायची. माझे लाल तेल तिने काकवीच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले होते. शेडमध्ये ठेवले तर दिराचा हात पडेल, ही तिला भीती.

"क्लोविस, नीट ऐक. याला भलतं तेल चालत नाही," ती सांगायची. "ब्रेकच्या तेलानं तर रबर फुगतं."

"तू आहेस की घालायला. मी कशाला डोकं शिणवू?"

"आणि मी नसले तर?"

"मग खेकडे कोण धरतंय! घरी बसून तुझं शिळं गंबोचं कालवण खाईन."

दोघे हसायचे. मला ते हसणे तेव्हाही आवडले नव्हते.

हिवाळ्यात एल्मीर आजारी पडली आणि गेली. दफनानंतर तिच्या जावेने घर आवरायला घेतले. फळीवरची तिची औषधे क्लोविसला बघवत नव्हती. "फळीवरच्या सगळ्या बाटल्या टाकून दे," तो म्हणाला. औषधांबरोबर काकवीची बाटलीही गेली.

पुढे मी कण्हू लागलो. क्लोविसचा धाकटा भाऊ ॲडली बोटीवर आला होता.

"दादा, पंपातलं तेल कमी झालंय. कुठलं घालू?"

क्लोविस माझ्याकडे बघत म्हणाला, "एल्मीर काहीतरी सांगायची याच्याबद्दल."

"काय?"

"आठवत नाही."

"अरे, दाबाचंच काम ना? माझ्या गाडीत ब्रेकचं तेल उरलंय. तेल ते तेल!"

"घाल मग," क्लोविस म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

आमच्याकडे वसंतात फादर सगळ्या बोटींना आशीर्वाद देतात. मग बोटी रांगेने खाडीत जातात. वर्षभरात ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याची बोट फादरच्या मागोमाग असते आणि तो पाण्यावर हार सोडतो. क्लोविसने बोट नव्याने रंगवली होती. एल्मीर जिथे पिंजरे टाकायची तिथेच हार सोडायचा, एवढीच एक गोष्ट त्याने त्या दिवसांत मनात धरली होती.

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. तो सुटला की खाडीचे पाणी समुद्राकडे पळते. खाडीच्या तोंडाशी शिंपल्यांचा उंचवटा उघडा पडू लागला. पुढच्या बोटीने इंजिन उचलले आणि ती पार झाली. क्लोविसने बटण दाबले. मी घरघरलो. इंजिन वीतभर वर आले आणि परत खाली बसले. माझ्या कड्यांत जीव उरला नव्हता. पंखा शिंपल्यांत रुतला.

मागच्या बोटी बाजूने निघून गेल्या. थांबल्या असत्या तर त्याही अडकल्या असत्या.

"क्लोविसदादा, हार इकडे टाका! आम्ही सोडतो!" कोणीतरी ओरडले.

"नको," क्लोविस म्हणाला. "तिला दुसऱ्याच्या बोटीतून जायला कधी आवडलं नाही."

दिवसभर तो रुतलेल्या बोटीत हार मांडीवर घेऊन बसला. सगळ्या बोटी परतल्या. पाणी चढल्यावर त्याची बोट सुटली आणि हार तसाच घरी आला.

पुढे त्याने मला उघडले. माझ्या कड्या भिजवलेल्या राजम्यासारख्या फुगल्या होत्या. ॲडली मान खाली घालून म्हणाला, "मला काय ठाऊक, दादा!"

"मला ठाऊक असायला हवं होतं," क्लोविस म्हणाला. "ती दर वेळी सांगत होती. मी हसत होतो."

आता मी शेडमध्ये पडून आहे. वरच्या खिळ्याला तो हार आहे. त्याच्या वाळक्या पाकळ्या माझ्यावर गळतात आणि कोणी झाडत नाही.

मित्रांनो, मुक्या वस्तूंना काय मानवते ते शिकून घ्या. आणि ज्याला ते ठाऊक आहे, ते माणूस बोलत असेपर्यंतच शिका. नंतर फळी रिकामी असते.