न चाखता केलेली सांग्रिया

अंजनानं कार्ड वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण आपण केलेल्या वस्तूखाली दुसऱ्याचं नाव छापलंय, एवढं कळायला चौथी पुष्कळ झाली. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात द्राक्षांचा घड आणि ठसठशीत अक्षरं: करवंद सांग्रिया, हापूस सांग्रिया, कलिंगड सांग्रिया. खाली, 'निर्मिती: शेफ ऋषी'.

निर्मिती म्हणे! आणि करवंदीच्या जाळीत हात घालून कोपरापर्यंत ओरबाडे कोणी काढून घेतले? ऋषीनं?

सन दोन हजार तीनचा मे महिना. नारायणगावच्या अलीकडं वाईनच्या कारखान्याला लागून मालकांनी पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता. खोडदहून अंजना तिथं स्वयंपाकघरात कामाला यायची, भाजी चिरायला, भांडी घासायला. त्या उन्हात लाल वाईनला कोणी हात लावेना, तेव्हा मालकांनी पुण्याहून आणलेल्या ऋषीला सांगितलं, सांग्रिया कर; वाईनमध्ये फळं घाल, बर्फ घाल, थंडगार दे. या पठ्ठ्यानं काय केलं, तर अननसाचे आणि चेरीचे डबे फोडले. पाहुण्यांनी अर्धे अर्धे ग्लास तसेच ठेवले.

"सायेब, डोंगराला करवंदं काळी झाल्यात, अन् तुमी डबे काय फोडता?" अंजना न राहवून म्हणाली.

तिथून पुढचं सगळं तिनंच केलं. लाल वाईनमध्ये करवंदं. पांढरीत हापूस, वर आल्याचा थोडा रस. गुलाबीत कलिंगड, पुदिना आणि चिमूटभर काळं मीठ. आणि हे सगळं एक थेंबही न चाखता! गळ्यात तुळशीची माळ होती तिच्या. वाईनमध्ये भिजलेली फोडसुद्धा तिनं कधी तोंडात टाकली नाही. फळाचा रंग किती उतरला ते बघायची, वास घ्यायची, आणि शेवटी सोमाजी माळ्याचं तोंड बघायची. सोमाजी बागेला पाणी घालता घालता यायचा, घोट घ्यायचा, डोळे मिटायचा. भुवई वर गेली की आंबट झालं. ओठ चाटले की जमलं.

"वैनी, लई भारी. आता आणखी एक ग्लास द्या, खात्री करायला."

"खात्री झाली माझी. जा, गुलाब वाळाय लागल्यात."

पंधरा दिवसांत ग्लास रिकामे परत यायला लागले. आणि आता हे कार्ड!

ती तशीच ओल्या हातानं व्हरांड्यात गेली. मालक बसले होते, शेजारी ऋषी.

"सायेब, ह्ये मी केलंय. ह्याच्यावर माझं नाव का न्हाई?"

ऋषी हसला. "मावशी, फळं तुम्ही आणलीत, चिरलीत, मान्य. पण जी वस्तू तुम्ही कधी जिभेवर ठेवली नाही, ती तुमची कशी?"

"बरोबर बोलतोय तो," मालक म्हणाले; त्यांनाही गंमत वाटली. "असं करू. तुम्ही एक घोट घ्या, चव कशी झालीय सांगा. उद्याच्या उद्या नवं कार्ड छापतो."

काय निर्लज्जपणा तरी! स्वतःच्या हातचं स्वतःचं म्हणवून घ्यायला बाईनं माळ मोडायची?

"माझी माळ हितं गहाण ठेवाय आणली न्हाई मी," एवढं बोलून ती वळली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्या दोघांना दिसू दिलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर सोपान म्हणाला, "बरंच झालं की. दारूच्या कागदावर तुझं नाव आलं असतं तर गावानं काय म्हनलं असतं? माळकरीन प्यायला लागली म्हनले असते."

"अन् न पिता केलं, त्ये कोन म्हननार?"

सोपान खाली मान घालून भाकरी मोडत बसला. तिला त्याचाही संताप आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांची मोटार आली. अंजना ऋषीला म्हणाली, "आज तुमीच करा. निर्मिती तुमची हाय." आणि मेथीची जुडी घेऊन निवडत बसली.

ऋषीनं केलं. करवंदं घेतली, देठासकट खटाखट चिरली, वाईनमध्ये ओतली, बर्फ घातला. इतक्या दिवसांत त्यानं तिच्या हाताकडं एकदाही बघितलं नव्हतं, त्याला काय कळणार! थोड्या वेळानं बाहेरून कुजबूज आली, मग मालक स्वतः ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आले.

"अंजनाबाई, पाहुण्यांचे ओठ चिकटायला लागलेत हो. काय झालंय बघा जरा."

तिनं ग्लास हातातसुद्धा घेतला नाही. कडेला पांढरट तार दिसत होती.

"करवंदाचा चीक हाय. देठ काढून मिठाच्या पान्यात ठेवावी लागत्यात, दोन तास. न्हाई तर असंच व्हतं."

ऋषी तिथंच उभा होता. त्यानं पाटीतलं एक करवंद उचलून त्याचं देठ बघितलं.

"मग करा की लगेच," मालक म्हणाले. "तोवर पाहुण्यांना काय देऊ?"

"हापूसचं देता येईल. पर आदी कार्ड."

बाहेर पाहुण्यांनी पुन्हा हाक मारली. मालकांनी खिशातलं पेन काढलं, ओट्यावरच्या कार्डावरचं 'शेफ ऋषी' खोडलं, वर काहीतरी लिहून कार्ड तिच्यापुढं धरलं. तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं: 'अंजना, मदतनीस'.

"मदतनीस खोडा," ती म्हणाली. "अन् नीट लिवा. अंजना सोपान थोरात, खोडद."

"गावाचं नावही? उद्या लोक बोलतील तुम्हाला."

"बोलू द्या. गावाला मी सांगीन काय सांगायचं त्ये."

मालकांनी लिहिलं. तिनं पुन्हा वाचून घेतलं, कार्ड फळीवर उभं केलं, मेथी बाजूला सारली आणि पदर खोचला. मग करवंदांची पाटी ऋषीपुढं सरकवली.

"बसा, ऋषीसायेब. देठं काढा."