शेवटच्या पानावरचं गाऱ्हाणं

मी एक जुना अंक आहे, मित्रांनो. हसू नका! छापून मला वर्षही झालेलं नाही; पण ज्याचा जन्म मालवण-देवबाग रस्त्यावर रिक्षाचे धक्के खाण्यात गेला, त्याने स्वतःला नवा कोणत्या तोंडाने म्हणावं? माझे कोपरे दुमडलेत, मुखपृष्ठावर सोलकढीचा डाग आहे. ऐट मात्र तसूभर कमी झालेली नाही, कारण मी ‘आकाशदर्या’ या युद्धचित्रकथेचा पहिला अंक आहे.

देवबागच्या संचिताने मला काढलं. घरी उतरलेले पाहुणे दुपारी समुद्रावर गेले, की ती पडवीत बसून माझी पानं रंगवायची. माझ्यात दोनशे वर्षांनंतरचं मालवण आहे. शत्रूची गलबतं आभाळातून येऊन आमचा दर्या शोषून न्यायला बघतात, आणि त्यांच्याशी लढायला उडत्या होड्या निघतात. त्यांची कप्तान शेवंती. काय तिचा रुबाब! स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण मी सांगतो.

छापून आल्यावर मात्र संचिताचा धीर सुटला. मुंबईत बिस्किटांच्या पुड्यांवर चित्रं काढायची नोकरी तिच्यासाठी तयार होती. आपल्या माणसांना मी आवडलो तर दुसरा अंक, नाहीतर गपचूप मुंबई, असं तिने ठरवून टाकलं. मग तिने मला जितूमामाच्या रिक्षात ठेवलं. जितेंद्र तिचा सख्खा मामा.

“मामा, लोक काय म्हणतत ता माका खरा सांग. गोड करून सांगू नको.”

“मी कधी खोटा बोललंय काय गो?” मामा म्हणाला. तो बोलतो, पण ते जाऊ दे.

यावेळी त्याला खोटं बोलायची गरजच पडली नाही. आनंदीकाकी मासळीची पाटी पायांत धरून बसली, तिने मला उचललं आणि ओरडलीच, “मेल्या जितू, ही होडी बघ! उडता आकाशात, पण फुडचा टोक, नाळ बघ, आमच्या होडयेचीच!” कॉलेजातल्या नम्रताचं घर आलं तरी ती उतरेना. “थांब रे मामा, लढाई संपाक दे.” रिक्षा उभी राहिली आणि कुणी कुरकुर केली नाही, कारण बाकीचेही तिच्या खांद्यावरून वाचतच होते. माझा ऊर असा भरून आला की पिना सुटतात की काय असं वाटलं.

मामा रोज हे सगळं संचिताला सांगे. ती ऐके, हसे, आणि पुन्हा तेच विचारी, “आणि शेवटचा पान?”

तिची भीती तिथेच होती. शेवटच्या पानावर शेवंती पुढच्या, मोठ्या लढाईआधी शिरस्त्राण काढून ग्रामदेवाला गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे त्याशिवाय कुठलं काम सुरू होत नाही. एक जण देवाला साकडं घालतो आणि बाकीचे हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पण देवळातलं गाऱ्हाणं लढाईच्या चित्रकथेत? गावासाठी गाऱ्हाणं घालायचा मान परशुरामआबांचा. ते रागावले तर संपलंच.

आणि एके दिवशी आबाच रिक्षात चढले. मामाचा चेहरा पडला. आबांनी चष्मा लावला, मला उघडलं आणि पान पान वाचत शेवटच्या पानाशी आले. ते गाऱ्हाणं मनात वाचायची त्यांना सवय कुठली? खणखणीत आवाज निघाला, “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज लढाईक निघाली हत...”

“व्हय म्हाराजा!” मागून आनंदीकाकी.

“त्येंच्या वाटेत जा काय वाकडा येयत...”

“व्हय म्हाराजा!” मामाने हात जोडायला हँडलच सोडलं. रिक्षा सुरूच्या झाडाजवळ कशीबशी थांबली.

“ता सगळा...” म्हणत आबांनी पान उलटलं. पुढे काही नव्हतं! अंक संपला होता. काकीचं तोंड उघडं ते उघडंच.

“फुडचा खंय आसा?” आबा कडाडले. “जितू, घे गाडी संचिताच्या घराकडे.”

अंगणात माझ्यासह आबांना बघून बिचारी पांढरीफटक पडली.

“ह्या तू काढलंस? गाऱ्हाणा मधीच कित्याक तोडलंस?”

“आबा... वाचणाऱ्यांका फुडची ओढ लागाची म्हणान.”

“ओढ लागली गो बाय! देवळात माझ्या मागे इतक्या जोरात कोण व्हय म्हणना नाय. पण गाऱ्हाणा घालूक घेतला की अर्धा ठेवूचा नसता. देव काय असो उभोच ऱवतलो? मुंबैक जाऊचा तर जा, पण आधी ह्या पुरा कर.”

“आणि बेगीन कर!” काकी रिक्षातूनच ओरडली. “माझो व्हय तोंडातच ऱवलो हा.”

संचिता हसली आणि हसता हसता रडायला लागली. दुसऱ्याच दिवशी तिने मुंबईला ‘येत नाही’ म्हणून फोन केला. आता पडवीत पुन्हा रंगांच्या बाटल्या उघड्या आहेत.

मित्रांनो, माझी पानं थुंकी लावून उलटू नका, माझ्यात बांगडे गुंडाळू नका. आणि एखादी गोष्ट आवडली, तर जिने ती केली तिच्या दारात जाऊन सांगा, आबांसारखं ओरडून का होईना. आम्हा पहिल्या अंकांचा जीव तेवढ्यावरच तरतो.

माझ्या शेवटच्या पानावर शेवंती अजून हात जोडून उभी आहे. देवही उभा आहे. पण आता दोघांनाही ठाऊक आहे, संचिता बसली आहे कामाला.